सव्वादोन फूट

"चार फूट?" सदूकाका नागवेकरांनी सुपारीचं खांड गालात सरकवलं. "चार फुटांत आमची आई झोपायची. शेवटी शेवटी."

कुणी हसलं नाही. आईचा विषय होता, आणि ती वारलेली होती.

आमच्या रत्नागिरीच्या घरात, पुढच्या खोलीत, याद्यांची बैठक चालली होती. भिंतीकडे आम्ही भाटकर, म्हणजे बाबा आणि मी. समोर नागवेकर, म्हणजे मुलगा श्रीधर आणि त्याच्या वतीने बोलायला त्याचे काका सदानंद, ज्यांना अख्खं मालगुंड सदूकाका म्हणतं. मध्ये शिवलकर मास्तर. स्थळ त्यांनीच आणलं होतं. त्यांच्या मांडीवर फुलस्केप कागद होता, कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू होतं, आणि लग्नात कोण काय देणार, कोण काय करणार, ते एकेक कलम ते मोत्यासारख्या अक्षरात लिहून घेत होते. ज्या मुलीचं लग्न होतं ती, माझी थोरली बहीण विनयाताई, आत स्वयंपाकघरात होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे मुलगी दाखवायची तिनेच आणि जेवण करायचं तेही तिनेच.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि घरात विनोदी म्हणून ओळखला जायचो. म्हणजे मला कुणी काही महत्त्वाचं विचारायचं नाही.

सोळा कलमं तासाभरात झाली होती. कार्यालय, पंगत, बँड नको, नवऱ्यामुलाचा पोशाख, करवलीचा मान. सदूकाकांनी प्रत्येक कलम थोडं थोडं खाली आणलं होतं, आणि त्यात त्यांचा फायदा होता असंही नाही. आमच्याकडची दीडशे माणसं त्यांनी एकशेतीसवर आणली, आणि मग उत्साहाच्या भरात स्वतःकडचीही वीस कमी केली. मास्तर सांगायचे, की बायपासच्या वेळी डॉक्टरांनी तीन ठिकाणी अडथळा आहे म्हटल्यावर सदूकाका म्हणाले होते, "दोन करा ना, डॉक्टर. घरचीच माणसं आहोत."

सतरावं कलम मासा होता.

मासा ताईचा होता. फ्लॉवरहॉर्न. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, अंगावर लाल-निळा भडक रंग, आणि स्वभाव असा की ताईने त्याचं नाव मामलेदार ठेवलं होतं. ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. हेच काम ती घरी जिभेने करायची, आणि मामलेदार दातांनी. आणला तेव्हा दोन इंचांचा होता. पहिल्या महिन्यात त्याने सोबतचे दोन गोल्डफिश संपवले. काचेवरचं शेवाळ खाणारा एक गरीब मासा होता, त्याला अर्धा खाऊन अर्धा ठेवला. पाणी गरम ठेवायची काचेची नळी फोडली. माझं बोट चावलं. मग ताईने त्याला एकटा ठेवला आणि तो वाढत गेला. एकफुटी टाकी झाली, मग दोनफुटी. दोनफुटीत असताना एक दिवस त्याने खाणं सोडलं आणि कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहिला. अकरा दिवस. वळायला गेला की शेपटी काचेला घासायची, म्हणून त्याने वळायचंच सोडलं होतं. ताईने त्या अकरा दिवसांत लॅबला चार रजा टाकल्या. आई गेली तेव्हा तीन टाकल्या होत्या.

शेवटी मी आणि तिने मिळून मधल्या बोळातल्या भिंतीतलं शोकेस फोडलं आणि तिथे सिमेंटात पक्की चारफुटी टाकी बसवली. त्या दिवशी मामलेदार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, वळला, परत आला. ताई बोळात बसकण मारून बघत होती. मी म्हटलं, "आता ह्याला सातबारा पण करून दे." ती हसली नाही. ती माझ्या विनोदांना सहसा हसायची नाही. घरात कुणीच नाही. बाबांना तर मी विनोद करतो हे माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं मी चुकीचं बोलतो.

ताई एकतीस वर्षांची होती. नऊ स्थळं होऊन गेली होती. त्यातली सहा मुलाकडच्यांनी नाकारली आणि तीन ताईने. नववा तर चांगला बँकेत होता. त्याने टाकीच्या काचेवर टिचक्या मारून "शुक शुक" केलं, आणि ताईने पोह्यांची बशी त्याच्या हातातून परत घेतली.

दहावा श्रीधर. मिरकरवाड्याच्या जेटीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. बघायला आला त्या दिवशी पाचेक शब्द बोलला असेल. त्यातले दोन "पाणी" आणि "नको". जाताना बोळात थांबला, मामलेदारकडे बघत राहिला, आणि काचेला न लावता, हवेतच, हाताची वीत धरून मासा मोजला. दीड वीत. मग चपला घातल्या आणि गेला.

बैठकीच्या दिवशी सकाळी ताई नारळ खवत होती. मला म्हणाली, "सुयोग, इकडे ये. टाकीचं निघेल तेव्हा तुला विचारतील. बाबांना त्यातलं कळत नाही."

"मग?"

"चार फूट म्हणायचं. चारच्या खाली एक इंच नाही. टाकी आपण देऊ, त्यांनी फक्त जागा द्यायची."

"आणि नाही दिली तर?"

"तर मी बाहेर येऊन नाही म्हणणार."

"आणि दिली तर?"

ती खवतच राहिली. खोबरं संपलं, करवंटीचा चुरा पडायला लागला, तरी खवत होती.

"दिली तर जाईन," ती म्हणाली.

"आवडला काय गं तो?"

"टिचकी नाही मारली त्याने."

"नऊ जणांना हीच परीक्षा होती? आधी सांगायचं, मी बाहेर पाटी लावली असती."

"सुयोग," ती म्हणाली, "आज एक दिवस माणसासारखं बोल."

मी हो म्हटलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

तर सदूकाकांची आई चार फुटांत झोपून झाल्यावर बाबा घाईघाईने म्हणाले, "तसं काही नाही हो, नागवेकर. पोरीची हौस आहे. थोडं इकडेतिकडे करता येईल."

"मी म्हणतो, मासा बरणीत का नको?" सदूकाका म्हणाले. "आमच्याकडे चिनी मातीची आहे. मोठी. लोणच्याची."

"मासा फुटाचा आहे, काका," मी म्हटलं. "बरणीत उभा ठेवावा लागेल."

"मग एक फूट करा टाकी. फुटाचा मासा, फुटाची टाकी. माणसाला चप्पल कशी मापाची लागते?"

"एक फार कमी होतं," मास्तर म्हणाले. त्यांना माशांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चार आणि एक यांच्यामध्ये काहीतरी असणार हे त्यांना पंचवीस वर्षं गणित शिकवून माहीत होतं. "साडेतीन म्हणू या?"

"दीड."

"भाटकर, तुम्ही बोला."

"तीन?" बाबा म्हणाले, जसं काही मासा त्यांना विचारून लहान होणार होता.

"तीन फुटांत आमचा टीव्ही जातो," सदूकाका म्हणाले. "टीव्ही कुठे ठेवू? माशासमोर? दोन."

श्रीधर इतका वेळ मांडीवर हात ठेवून बसला होता. बैठकीत नवऱ्यामुलाने बोलायचं नसतं. नागवेकरांत तर नाहीच. तो तिथे नमुना म्हणून आणलेला असतो. तरी तो पुढे सरकला आणि म्हणाला, "काका, मी काय म्हणत होतो..."

सदूकाकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू सरबत घे."

त्याने सरबत घेतलं.

आतल्या पडद्यामागे बांगडी वाजली. एकदाच. बोळातल्या टाकीच्या मोटरची घरघर येत होती, ती आमच्या घरात रात्रंदिवस यायची. आम्हाला ती ऐकूच येत नसे.

दोन आणि तीन यांच्यावर पाऊण तास गेला. मला हे सांगताना आजही नवल वाटतं की त्या पाऊण तासात एकाही माणसाने उठून बोळात जाऊन मासा पाहिला नाही. दहा पावलांवर होता. त्यांना मासा नकोच होता, त्यांना आकडा हवा होता. बाबा पावणेतीनवर आले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. दहाव्या स्थळानंतर अकरावं येणार नाही, हे मास्तरांनी त्यांना कोपऱ्यात नेऊन सांगितलेलं होतं.

शेवटी सदूकाका माझ्याकडे वळले.

"ए नवऱ्यामुलाच्या मेव्हण्या. तूच त्यातला जाणकार ना? तू सांग. देवाशपथ सांग. दोन-सव्वादोन फुटांत मासा मरतो का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा, मास्तर, सदूकाका. श्रीधर तर मान पुढे काढून बघत होता. तेवीस वर्षांत माझं मत कुणी मागितलं नव्हतं, आणि आता खोलीत इतकी शांतता होती की पंख्याची एक पाती वाकडी आहे ते कळत होतं. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. चार फूट. ते जिभेवर होते.

"मरत नाही, काका," मी म्हटलं. "फक्त वळता येत नाही. पण सासरी जाऊन वळायचं कुणाला असतं?"

सदूकाका फुटलेच. सुपारी बाहेर आली. मास्तर हसता हसता चष्मा पुसायला लागले. "सासरी जाऊन वळायचं कुणाला असतं," ते परत परत म्हणत होते, "वा रे वा, भाटकर, पोरगं तुमचं..." आणि बाबा. बाबा आधी मास्तरांकडे बघून हसले, मग माझ्याकडे बघून हसले. डोळ्यांत पाणी येईतो. आई गेल्यानंतर मी त्यांचे दात बघितले नव्हते.

मग मी आणखी एक टाकला. "तसंही जेवण पुढूनच येतं. मागे वळून काय, भांडी घासायची?"

तोही चालला.

"लिहा मास्तर," सदूकाका डोळे पुसत म्हणाले. "सव्वादोन. त्या पाव फुटाचं श्रेय ह्या पोराला."

मास्तरांनी लिहिलं : कलम सतरा. काचेची टाकी, माशासह, नग एक, लांबी सव्वादोन फूट, वधूपक्षाकडून. खाली दोन्हीकडच्या सह्या झाल्या. श्रीधर हसला नव्हता, पण तो कशालाच हसत नव्हता, त्यामुळे माझ्या ते लक्षात आलं नाही.

मी पडद्याकडे बघत होतो. ती आता बाहेर येणार होती आणि नाही म्हणणार होती. मी मनात तिच्याशी भांडणही तयार ठेवलं होतं. अगं, बाबांकडे बघ. अगं, नंतर मोठी टाकी घेता येते. अगं, गंमत केली. पडदा हलला नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. सदूकाका मला त्यांच्या मेव्हण्याचा एक किस्सा सांगत होते, बरोबरीच्या माणसाला सांगावा तसा. मधेच मला काहीतरी कमी कमी वाटलं. वीज गेली म्हणावं तर पंखा चालू होता. थोड्या वेळाने कळलं, घरघर थांबली होती.

मी पानं घ्यायला आत गेलो. बोळात दिवा नव्हता. टाकीतलाही बंद होता. मी तिकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण मान दुसऱ्या बाजूला होती.

ताई चुलीशी पाठमोरी होती. डोक्यात अबोलीचा वळेसर. तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं.

"किती लिहिलं?" तिने विचारलं.

"सव्वादोन. अगं ताई, ते काय झालं..."

"ऐकलं मी. पानं वाढायला घे. मीठ, लिंबू, डावीकडे चटणी."

"तू नाही म्हणणार होतीस ना?"

"भूक लागली असेल त्यांना," ती म्हणाली. तिच्या उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत ओली होती. रक्त काढणाऱ्या बाईचा हात. कधी थरथरलेला मी पाहिला नाही. तेव्हाही थरथरत नव्हता. मला बरं वाटलं. मला वाटलं, तिने मान्य केलं.

रविवार होता, त्यामुळे मासे चालणार हे मास्तरांनी आधीच विचारून ठेवलं होतं. सुपारी फोडायच्या दिवशी गोड, याद्यांच्या दिवशी मासे. पाटांवर आम्ही पाचजण बसलो. सुरमईचं कालवण, सोलकढी, तांदळाच्या भाकऱ्या. ताई स्वतः वाढायला आली. पदर खोचलेला, चेहरा धुतलेला. सदूकाका खूश झाले. "सून अशी पाहिजे," ते म्हणाले. "बैठकीतलं बैठकीत, पंगतीतलं पंगतीत."

मग ती तळलेले तुकडे घेऊन आली. रवा लावून, लाल, कडक. सदूकाकांच्या पानात दोन, बाबांच्या एक, मास्तरांच्या एक, श्रीधरच्या एक.

सदूकाकांनी घास घेतला, चावला, थांबले. मालगुंडचा माणूस. समुद्राशिवाय दुसरीकडे मासे असतात हे त्याला पटत नाही.

"हा कुठला गं मासा?"

"गोड्या पाण्यातला," ताई म्हणाली.

"तरीच. चिखलाचा वास येतोच बघ. मसाला चांगला लावलायस म्हणून खातोय." त्यांनी दुसरा तुकडा मोडला. "चिलापी काय?"

"चिलापीचाच भाऊबंद. आवडला नाही तर राहू दे, काका."

"पानात घेतलेलं टाकत नाही आम्ही."

ताई माझ्यासमोर आली. तिच्या ताटात एकच तुकडा उरला होता. तो तिने उलथन्याने उचलून माझ्या पानात ठेवला.

"डोकं तुला," ती म्हणाली. "जाणकार आहेस."

रव्यातून एक डोळा दिसत होता, पांढरा पडलेला. वरच्या बाजूला कपाळावर, लिंबाएवढं, तळून तांबूस झालेलं टेंगूळ होतं.

मला वाटतं मी बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो, कारण बाबा म्हणाले, "खा की रे. काय झालं?"

"काटा नाही त्यात," ताई म्हणाली. ती माझ्या पानाशीच उभी होती. हातात उलथनं. "कपाळ आहे. मऊ लागेल."

मी खाल्लं. मी न खाता उठलो असतो तर मला सांगावं लागलं असतं का ते. म्हणून खाल्लं. चरबीच होती सगळी. तोंडात ठेवलं की गेली. गरम होती.

मान वर केली तर श्रीधर माझ्या पानाकडे बघत होता. त्याने मासा अर्ध्या वितीवरून पाहिला होता, मोजला होता. त्याचा घास हातात होता. त्याने तो सावकाश पानात परत ठेवला, पानाला हात लावून नमस्कार केला आणि उठला.

भरल्या पानावरून नवरामुलगा उठला म्हणजे काय झालं, हे आमच्यात सांगावं लागत नाही. मास्तरांनी भाकरी खाली ठेवली. मागे खुंटीला त्यांची पिशवी होती, पिशवीत यादी होती, तिकडे त्यांचे डोळे गेले.

"काय रे?" सदूकाका म्हणाले. "भात राहिलाय."

"निघू या, काका."

"अरे पण झालं काय?"

"काही नाही, काका," ताई म्हणाली. "सतरावं कलम काढून टाका. आता तुमच्या घरात सव्वादोन फूटसुद्धा लागणार नाही. टीव्ही जागच्या जागी राहू दे."

सदूकाकांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी स्वतःच्या पानाकडे पाहिलं, मग माझ्या पानातल्या डोक्याकडे, मग ताईकडे. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट थोडी कमी करून घेतलेला माणूस, पण तोंडातला घास कमी करायचा कुठे हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी तो गिळला.

"वेडी आहे ही," ते बाबांना म्हणाले. "भाटकर, तुमची पोरगी वेडी आहे."

बाबा ऐकतच नव्हते. त्यांचा तुकडा खाऊन संपला होता. ते बोटांकडे बघत बसले होते.

ताई आत गेली आणि तिने नळ सोडला. भांड्यांचा आवाज यायला लागला.

मी पाहुण्यांना सोडायला बाहेर गेलो. का गेलो माहीत नाही, कुणीतरी जायला हवं होतं. सदूकाका ओसरीच्या टोकाला जाऊन घशात बोटं घालत होते आणि मास्तर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. श्रीधर फाटकाबाहेर मोटारसायकलशी उभा होता. किल्ली लावली होती, पण चालू करत नव्हता.

"मला माफ करा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल. त्यालाही ते कसंतरीच वाटलं असावं.

"तुमचं काय," तो म्हणाला. "तुम्ही विनोद केलात."

"तुम्हाला राग आला असेल."

"मी ओटा घातलाय," तो म्हणाला.

"कसला?"

"टाकीसाठी." तो मोटारसायकलच्या टाकीवरून अंगठा फिरवत होता. हाताच्या रेघांत ऑईल गेलेलं होतं, कधी न निघणारं. "बघायला आलो होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन विचारलं. तो म्हणाला एवढ्या माशाला चार चालते, पण त्याला नीट पळायचं असेल तर पाच करा. खिडकीखाली पाच फुटांचा कडप्पा टाकला. पाणीच साडेपाचशे लिटर होतं, म्हणून खाली विटांचे तीन खांब घेतले. परवा सुकला."

मला विनोद सुचेना. ही माझ्यासाठी नवीन गोष्ट होती.

"मग बोलला का नाहीत?"

"कुठे?"

"आत. बैठकीत."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी फ्रेंचमध्ये काही विचारल्यासारखं बघितलं. "बैठकीत आम्ही बोलत नाही," तो म्हणाला. "थोरले बोलतात. त्यांना कागदावर काय लिहायचं ते लिहू दे. घर माझं आहे, त्यात काका राहत नाहीत. मी संध्याकाळी तिला फोन करून सांगणार होतो."

सदूकाका रुमालाने तोंड पुसत येत होते. श्रीधरने गाडी चालू केली, मग परत बंद केली.

"तिला सांगा," तो म्हणाला. "पाच फूट होती म्हणावं."

"सांगतो."

"नक्की सांगा."

सदूकाका मागे बसले. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात होतो. नंतरच्या वर्षी श्रीधरचं लग्न झालं, गुहागरच्या मुलीशी. मिरकरवाड्याला गेलो की दिसतो. आम्ही एकमेकांना हात करतो. ताईचं झालं नाही. लॅब आता तिची स्वतःची आहे, तिथे तिच्या हाताखाली चार मुली आहेत आणि चारही तिला घाबरतात. तिच्या तोंडून ही गोष्ट आमच्या नात्यातल्या प्रत्येकाने ऐकली आहे. सदूकाकांनी घास गिळला तिथे लोक हमखास हसतात. माझ्यापेक्षा चांगली सांगते. कुणी माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच असं झालं काय रे?" तर मी म्हणतो, अगदी असंच.

त्या दिवशी मी घरात आलो. बाबा पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. बोळात टाकीत पाणी तसंच होतं, आता हलत नव्हतं. चार फूट रिकामं पाणी. ताई मोरीशी बसून तवा घासत होती. राखेने, जोर लावून. डोक्यातला वळेसर तसाच होता.

"गेले?"

"गेले."

"फाटकात बराच वेळ होतास."

"हो."

"काय म्हणत होता?"

तिचे हात थांबले होते. तिने मान वर केली नव्हती, पण वाट बघत होती. काहीतरी म्हटलं असेल त्याने, असं तिला वाटत होतं. त्याने म्हटलेलं असावं, असं तिला हवं होतं. मला ते मानेवरून दिसत होतं. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते.

"म्हणाला, मीठ कमी होतं."

ती हसली. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. माझ्या विनोदाला ती अशी कधी हसली नव्हती. हसता हसता तिने राखेच्या हाताने डोळा पुसला आणि तवा पुन्हा घासायला घेतला.

"कमी नव्हतं," ती म्हणाली. "मी चाखून बघितलं होतं."